उपासाला चालणारं वायफाय

गेल्या शनिवारी सकाळी मामेबहीण घरी आली. तिची पुण्यातली पहिलीच नोकरी, पहिलीच रूम, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये तोच जुना लॅपटॉप. कंपनीने नवा कोरा दिलाय, पण घरच्यासाठी हाच हवा म्हणाली. "दादा, याच्यावर काहीतरी नवीन टाकून दे, फार रडतंय." मी आत एक एसएसडी बसवली, पेनड्राइव्हवर डेबियन 13 घेतलं (हे गेल्या ऑगस्टात, म्हणजे 9 ऑगस्ट 2025 ला आलं) आणि इन्स्टॉलर सुरू केला. भाषा, देश, कीबोर्ड... आणि पुढच्या स्क्रीनवर सरळ आजूबाजूच्या फ्लॅटमधल्या सगळ्या वायफायची यादी आली. शेजाऱ्यांच्या राउटरचं नावही त्यात होतं.

मी आणि ती, दोघंही एकदम गप्प.

"बास? एवढंच?" ती म्हणाली.

एवढंच. पण या 'एवढंच'पर्यंत यायला डेबियनला जवळजवळ अठरा वर्षं लागली आणि मला एका मुलीच्या बारावीचा एक आठवडा. आज त्याबद्दल लिहितो. ज्यांना लिनक्समध्ये काडीचाही रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, उपासाबद्दल बरंच आहे :-)

आधी फर्मवेअर म्हणजे काय ते सांगतो. तुमच्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड हा मुळात एक छोटासा स्वतंत्र कॉम्प्युटरच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची चिमूटभर मेमरी. त्या प्रोसेसरवर जो प्रोग्रॅम चालतो ते फर्मवेअर. पूर्वी हा प्रोग्रॅम कार्डावरच्याच एखाद्या चिपमध्ये कायमचा भरून यायचा. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की ती चिप वाचवली तर पैसे वाचतात, शिवाय प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर नंतर दुरुस्त करता येते. तेव्हापासून कार्ड रिकाम्या डोक्याने जन्माला येतं. मशीन सुरू झालं की ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर डिस्कवरून एक फाइल उचलतो आणि कार्डाच्या हातात ठेवतो. ती वाचून कार्ड शुद्धीवर येतं.

गंमत अशी की ड्रायव्हर मुक्त असतो. त्याचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. पण त्याने कार्डाला दिलेली ती फाइल म्हणजे नुसते आकडे. सोर्स नाही, आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. बहुतेक कंपन्या 'वाटा हवं तर, पण उघडू नका' एवढीच परवानगी देतात, काही तर तेवढीही देत नाहीत. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांसाठी लोकांनी बी43-एफडब्ल्यूकटर नावाचं एक अवजारच बनवलं होतं. विंडोजचा ड्रायव्हर डाउनलोड करायचा, त्याच्या पोटातून फर्मवेअरचा तुकडा कापून काढायचा आणि लिनक्सला भरवायचा. फणस सोलून गरे काढावेत तसं. चीक हाताला लागायचाच.

आता ज्या लोकांनी 'आमची सिस्टिम शंभर टक्के मुक्त' अशी शपथ घेतलीये त्यांनी या फाइलचं करायचं काय?

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं उत्तर सगळ्यात सरळ: चालणार नाही. लिनक्स कर्नलमधून असे सगळे ब्लॉब आणि ते मागवणारा कोड खरडून काढून 'लिनक्स-लिब्रे' बनवतात. ट्रिस्क्वेल, पॅराबोला या डिस्ट्रो ते वापरतात. तुमचं कार्ड चालत नाही? दुसरं घ्या.

पण याच मंडळींचा दुसरा नियम ऐका. तोच बंद प्रोग्रॅम जर कार्डाच्या चिपमध्ये आधीच भरून आलेला असेल आणि कोणी तो नंतर बदलणार नसेल, तर चालतो! तो हार्डवेअरचाच भाग समजायचा. त्यांचं तर्कशास्त्र अगदीच पोकळ नाही. जे कोणीच बदलू शकत नाही, म्हणजे बनवणारी कंपनीसुद्धा, त्यात तुमच्यावर कोणाची सत्ता उरत नाही. फाइल असली की कंपनी बदलू शकते, तुम्ही नाही. मान्य. पण यातून काय काय घडतं बघा. प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम 5 फोनमध्ये मेमरी चालू करायला असाच एक ब्लॉब लागत होता. फाउंडेशनचा शिक्का मिळावा म्हणून त्यांनी काय केलं, तर तो ब्लॉब एका वेगळ्या चिपमध्ये ठेवला आणि मुख्य प्रोसेसरऐवजी बाजूच्या एका छोट्या प्रोसेसरकडून तो चढवून घेतला. ब्लॉब तोच, बाइट न् बाइट तोच. फक्त पडद्याआड गेला.

माझी आजी (आईची आई, म्हणजे या मामेबहिणीचीही आजी) उपासाला भात खात नाही, भगर खाते. गहू नाही, राजगिरा चालतो. बटाटा आणि मिरची हे दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजातून आले, ते चालतात. साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको. यामागचं लॉजिक मी शाळेत असताना एकदा तिला विचारलं होतं आणि धपाटा खाल्ला होता. (पाठीवरचा, ताटातला नव्हे.)

ओपनबीएसडीवाल्यांनी रेष दुसरीकडे मारली. थिओ द राट आणि कंपनीचं म्हणणं असं की आमच्या मुख्य प्रोसेसरवर, आमच्या कर्नलच्या आत बंद कोड येणार नाही म्हणजे नाही. कंपनीशी गुप्ततेचे करारही करणार नाही. पण कार्डाच्या डोक्यात काय चालायचं ते कार्डाचं कार्ड बघेल, आम्हाला फक्त ती फाइल वाटायची मोकळीक द्या. 2004 च्या सुमारास वायरलेस चिप बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांनी ईमेलने भंडावून सोडलं होतं. 2006 साली आलेल्या 3.9 आवृत्तीचं तर खास गाणंच होतं, नाव 'ब्लॉब!'. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने थिओला 2004 चा पुरस्कार दिला, पण त्याची सिस्टिम मात्र आपल्या शिफारशीच्या यादीत घेतली नाही. आजही ओपनबीएसडी टाकलं की पहिल्या बूटला ते एफडब्ल्यू-अपडेट चालवून नेटवरून फर्मवेअर आणतं. आता वायफायचं फर्मवेअर आणायला नेट लागतं आणि नेटला वायफाय लागतं. कपाटाची किल्ली कपाटात. असो.

डेबियनची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथली माणसं आपल्यासारखी आहेत. ठरवतात आणि पुढे ढकलतात. 1997 साली त्यांनी एक सोशल काँट्रॅक्ट लिहिला, डेबियन शंभर टक्के मुक्त राहील असा. त्याच करारात आणखी एक कलम आहे: आमचं प्राधान्य आमच्या वापरकर्त्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला. दोघांना एकाच वाक्यात प्राधान्य! सासू आणि सून दोघींना 'घर तुझंच' म्हणण्यासारखं आहे हे. भांडण कधीतरी होणारच होतं.

ते झालं 2004 साली. कराराची भाषा जरा नीटनेटकी करायचा ठराव पास झाला आणि मग लोकांच्या ध्यानात आलं की नव्या शब्दांप्रमाणे कर्नलमधले फर्मवेअरचे ब्लॉबसुद्धा बाहेर काढावे लागतील. तेव्हा सार्ज नावाची आवृत्ती आधीच रखडली होती. पुन्हा मतदान: सार्ज होऊ दे, मग बघू. सार्ज आली जून 2005 मध्ये. मग एचची वेळ आली, 2006 मध्ये पुन्हा मतदान: एवढी एक होऊ दे. मग लेनी, 2008, पुन्हा तेच. त्या मतदानावरून इतकी वादावादी झाली की प्रोजेक्टच्या सेक्रेटरीने राजीनामा दिला. पुढच्या महिन्यापासून जिम लावणारे आपण सगळे हे ओळखतो. पण डेबियनने शेवटी खरंच जिम लावली. फेब्रुवारी 2011 च्या स्क्वीझमध्ये कर्नल स्वच्छ झाला, सगळे ब्लॉब उचलून 'नॉन-फ्री' नावाच्या वेगळ्या खोलीत ठेवले. ती खोली तुम्ही स्वतः उघडायची. डेबियन तुमच्या वतीने उघडणार नाही.

आणि हे मला भयंकर आवडायचं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना हे वेड डोक्यात शिरलं. नवं काही पटलं की आधी स्वतःला आणि मग सगळ्या ओळखीच्यांना त्रास द्यायचा हा माझा स्वभाव. 2020 च्या संक्रांतीला मामाकडे विट्याला गेलो तेव्हा माझा जुना लॅपटॉप बहिणीसाठी नेला होता. ती तेव्हा अकरावीत. त्यावर डेबियन 10, एकदम शुद्ध. आतल्या वायफाय कार्डाला नॉन-फ्री फर्मवेअर लागत होतं, म्हणून ते मी टाकलंच नाही. त्याऐवजी लॅमिंग्टन रोडवर अर्धा दिवस भटकून एक यूएसबी डाँगल शोधून आणला होता. एआर9271 चिपवाला. या चिपचं फर्मवेअर क्वालकॉम अथेरॉसने 2013 साली सोर्ससकट खुलं केलं, त्यामुळे डेबियनच्या मुख्य दालनातच ते मिळतं. अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला त्या डाँगलचा कोण अभिमान!

बहिणीने साधा प्रश्न विचारला, "दादा, आत वायफाय आहे ना? मग हे बाहेरून कशाला?"

मी अर्धा तास लेक्चर दिलं. स्वातंत्र्य, सोर्स कोड, कंपन्यांचा काळा पेटारा वगैरे वगैरे. 'नॉन-फ्री' हा शब्द मी अशा काही सुरात उच्चारत होतो की जणू दारूचा गुत्ता. मामा मध्येच उठून गेला. आजी तिळाच्या वड्या थापत सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी मशिनीचा उपास हाय म्हण की."

सगळे हसले. मीही.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. जूनपासून बारावीचे वर्ग ऑनलाइन. वायफाय शेजारच्या काकांचं, भिंतीपलीकडून यायचं, पासवर्ड त्यांनी मोठ्या मनाने दिला होता. जुलैत एके दिवशी धाकट्या भावाने लॅपटॉप काखेत मारून नेताना तो बाहेर आलेला डाँगल दाराच्या चौकटीवर आपटला. डाँगल वाकला, दिवा गेला.

घरात स्मार्टफोन एकच, मामाचा. मामाचं मेडिकलचं दुकान, त्या दिवसांत त्याला दुकानातून हलायची सोय नव्हती आणि फोनवर सतत ऑर्डरी. तो सकाळी साडेसातला फोन घेऊन जायचा, रात्री आठ-साडेआठला परत. तास दहा ते दोन. म्हणजे हिचे तास बंद. पुण्यात तेव्हा पुन्हा दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन, मी खोलीत अडकलेला. आणि मला यातलं काहीच माहीत नाही! आठव्या दिवशी मामीने आईला फोनवर सहज सांगितलं, आईने मला.

मी चिडून बहिणीला फोन केला. फोन आजीच्या बटणाच्या मोबाइलवर. "अगं, पहिल्या दिवशीच सांगायचं ना!"

ती म्हणाली, "तसला डाँगल इथं मिळत नाही. आणि आतलं वायफाय लावायचं नाही म्हणाला होतास ना तू. मग सांगून काय उपयोग?"

यावर मला काय बोलावं तेच सुचेना. तिच्या डोक्यात ते लॅपटॉपचं मोडकं कार्ड नव्हतं. तो घरातला नियम होता. तिने आठवडाभर नियम पाळला होता. रोटेशनल डायनॅमिक्सचा अख्खा धडा त्यात गेला, मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून काढत होती. तो धडा तिला पुढेही कधी नीट जमला नाही, हे ती अजून हसत हसत सांगते. मला काही हसू येत नाही.

त्या रात्री मामा आल्यावर आम्ही बसलो. मामाचा फोन केबलने लॅपटॉपला जोडून नेट घेतलं (याला फर्मवेअर लागत नाही, नशीब), आजीचा फोन स्पीकरवर. मी पुण्यातून एकेक अक्षर सांगतोय आणि ती टाइप करतेय. सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल उघड. 'मेन'च्या पुढे एक स्पेस दे. आता लिही, एन, ओ, एन, मग आडवी रेघ...

तिकडे बोटं थांबली. "दादा, नॉन-फ्री? खरंच टाकू?"

"टाक."

सव्वा तास गेला. रेंज दोनदा गेली, एकदा स्पेलिंग चुकलं. शेवटी मशीन बंद करून चालू केलं आणि शेजारच्या काकांचं नाव स्क्रीनवर आलं. मागून आजीचा आवाज, "मोडला का रं उपास?" चेष्टेतच म्हणाली ती. काही मेगाबाइटची फाइल होती. संक्रांतीला मला दोन मिनिटं लागली असती.

त्यामुळे 2022 च्या एप्रिलमध्ये डेबियनच्या स्टीव्ह मॅकिंटायरने फर्मवेअरबद्दल लिहिलेलं वाचलं तेव्हा मी ते खुर्चीत सरळ बसून वाचलं. डेबियनच्या इन्स्टॉलेशनच्या इमेज बनवण्याचं काम तो बघायचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही जी 'अधिकृत' इमेज देतो ती बऱ्याच नव्या लॅपटॉपवर धड चालत नाही. जी चालते, फर्मवेअरवाली, ती 'अनधिकृत' म्हणून साइटच्या कोपऱ्यात ठेवली आहे. म्हणजे जे लोकांना लागतं तेच आम्ही लपवतो. आणि एक मुद्दा माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. आताशा कितीतरी लॅपटॉपच्या साउंडलाही फर्मवेअर लागतं. दृष्टिहीन माणूस इन्स्टॉलर वापरतो तो आवाजावर, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेवर. आवाजच नसेल तर त्याच्यासाठी सगळा इन्स्टॉलर मुका. शुद्धतेची किंमत कोण भरतं ते इतकं स्पष्ट मी आधी वाचलं नव्हतं. वाचलं नव्हतं, पण विट्याला बघितलं होतं.

मग पुन्हा मतदान. करारच बदलायचा म्हणजे तीनास एक असं बहुमत हवं, आणि ते मिळालं. ऑक्टोबर 2022 मध्ये करारात एक वाक्य वाढलं, की हार्डवेअर चालावं म्हणून लागणारं, एरवी डेबियनचा भाग नसलेलं फर्मवेअर अधिकृत इमेजमध्ये असू शकेल. इमेज एकच. 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असं नवं दालन, म्हणजे फर्मवेअरसाठी बाकीच्या नॉन-फ्री सामानाचं दार उघडायला नको. हे जून 2023 च्या डेबियन 12 पासून लागू झालं. कोणाला तरीही नको असेल तर बूट करताना 'फर्मवेअर=नेव्हर' असं लिहायची सोय ठेवली आहे. ज्याला उपास करायचाय त्याने खुशाल करावा, त्याच्यासाठी घरादाराचा स्वयंपाक बंद नाही.

बरं, आता मी पूर्ण पलटी मारलीये असं समजू नका. कडक मंडळींची भीती खोटी नव्हती. एनव्हिडियाचं बघा. 2014 नंतरच्या त्यांच्या ग्राफिक्स कार्डांना कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर लागतं. त्यामुळे नूवो हा मुक्त ड्रायव्हर लिहिणारे लोक वर्षानुवर्षं अडकून पडले, कार्ड पूर्ण वेगाने पळवताच येईना. मे 2022 मध्ये कंपनीने कर्नलमधला आपला ड्रायव्हर खुला केला, सगळीकडे टाळ्या. पण दरम्यान बरीचशी अक्कल ड्रायव्हरमधून उचलून कार्डावरच्या जीएसपी नावाच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये गेलेली. त्या फाइलचा आकार काही डझन एमबी! घर मोकळं करून दिलं, पण सामान सगळं माळ्यावर, आणि माळ्याची किल्ली त्यांच्याकडे. ब्लॉबला 'चालतं' म्हटलं की ब्लॉब बाळसं धरतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पण दुसरीकडे जानेवारी 2018 चं स्पेक्टर आठवा. प्रोसेसरमधलीच ती भानगड, आणि तिच्यावरच्या उपायाचा एक भाग मायक्रोकोडच्या अपडेटमधून आला. मायक्रोकोड म्हणजे पुन्हा बंद ब्लॉब, तेव्हा डेबियनच्या नॉन-फ्री दालनात. जो नाकारतो त्याच्या प्रोसेसरमध्ये मुक्त मायक्रोकोड येत नाही. कारखान्यातून आलेला जुना, बंद, आणि भोकाचा, तोच राहतो. याला उपास कसा म्हणायचा? हे म्हणजे शिळं खाणं.

तर या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पटतात आणि माझा त्यातून काही ताळेबंद लागत नाही. स्वतःच्या मशीनवर मी अजूनही 'फर्मवेअर=नेव्हर' टाकून बघतो अधूनमधून, काय काय बंद पडतं त्याची यादी करतो, मग निमूटपणे परत चालू करतो. दुसऱ्याच्या मशीनवर मात्र करत नाही.

शनिवारी इन्स्टॉलेशन वीस-पंचवीस मिनिटांत आटोपलं. चहा होईपर्यंत बहिणीने सॅकच्या पुढच्या कप्प्यातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. तोच डाँगल, वाकडा. "विट्याहून येताना कपाटात सापडला, म्हटलं तुझ्या कामाचा असेल." मी पक्कडीने हळूच सरळ केला आणि माझ्या मशीनला लावला. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा जरा दाबून धरला तर दिवा लागला. हात काढला की जातो.

"धरून बस आता," असं म्हणून ती तिच्या लॅपटॉपवर रूमच्या मालकाला वायफायचा पासवर्ड विचारायचा मेसेज लिहीत बसली.